जर्मन शिकताना मराठी कामी आली

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. जर्मन शिकायला घेतली ती हौस म्हणून नाही, नोकरीसाठी. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. पेपरात बातम्या आल्या. त्यानंतर आमच्या सांगली-मिरजेतही 'जर्मन शिका, जर्मनीला चला' असे बोर्ड दिसायला लागले. नाईटला चहा पिताना वॉर्डात तोच विषय. मी आणि आमच्यातल्या आणखी दोघींनी मिळून क्लास लावला.

आधी लेव्हलचं सांगते, कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. ए वन, ए टू, बी वन, बी टू, सी वन, सी टू अशा सहा पायऱ्या आहेत. नर्स म्हणून तिकडे पूर्ण मान्यता हवी असेल तर बहुतेक राज्यांत बी टू लागतं. आम्हाला क्लासवाल्यांनी सांगितलं, ए वन ते बी टू सहा महिन्यांत करून देतो. रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस. फी सगळ्या लेव्हलची एकदम भरायची.

हा हिशेब तेव्हाच मांडायला हवा होता असं आता वाटतं, म्हणून तुमच्यासाठी मांडते. सहा महिन्यांचे साधारण सव्वीस आठवडे. आठवड्याला दहा तास धरले तर 260 तास होतात. जर्मनीची गोएथे इन्स्टिट्यूट पंचेचाळीस मिनिटांचा एक तास धरते. त्या मापाने हे साडेतीनशेच्या आत बसतं. बी टूपर्यंत पोचायला 600 ते 800 तास लागतात असं हीच संस्था सांगते. नुसत्या ए वनला 80 ते 200. म्हणजे एकही सुट्टी न घेता, एकही ड्युटी आडवी न येता शिकलो असतो तरी निम्मा रस्ता झाला असता.

वर्गात सगळं इंग्रजीतून चाले. फळ्यावर इंग्रजीतलं 'द' लिहायचं, त्याच्या समोर त्याची जर्मन रूपं देअर, दी, दास लिहायची, की तो विषय संपला. मग शब्दांच्या झेरॉक्स. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे जर्मन. टेबल म्हणजे टिश, दार म्हणजे ट्यूर, खिडकी म्हणजे फेन्स्टर. शब्दाआधी देअर लावायचा, दी की दास, ते त्या कागदावर नव्हतंच. ऐकायचा सराव नव्हता, स्पीकरसुद्धा नव्हता. मधेच सर बदलले. नवीन सरांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. आमच्यातली एक तिथेच कंटाळून थांबली, फी काही परत मिळाली नाही.

मी जात राहिले, कारण पैसे भरले होते. शब्द खूप पाठ झाले होते. पण 'मी पेशंटला गोळी दिली' एवढं साधं वाक्य जुळवायला गेलं की सगळं अडायचं. गोळीला काय लावू, पेशंटला काय लावू, क्रियापद कुठे ठेवू? घरी येऊन मी वही उघडायची आणि तशीच मिटायची. मुलांचा अभ्यास, स्वयंपाक, ड्युटी, यातून काढलेला तो तास होता. तो वाया जातोय हे कळत होतं आणि कुणाला सांगायची लाज वाटत होती.

मग ओळखीतून एका बाईंचा पत्ता लागला. त्या निवृत्त शिक्षिका. तरुणपणी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकलेल्या. घरीच चार-पाच जणांना शिकवायच्या. मी गेले तेव्हा त्यांनी माझी वही चाळली आणि विचारलं, "अगं, मराठीत लिंगं किती?"

म्हटलं, "तीन."

"मग इंग्रजीच्या दारात कशाला उभी राहतेस? इंग्रजीत टेबलाला लिंगच नाही. तुला तीन लिंगांची सवय जन्मापासून आहे."

त्या दिवशी त्यांनी जर्मन जवळजवळ शिकवलीच नाही. खोलीतल्या वस्तू दाखवत गेल्या आणि मी तो, ती, ते म्हणत गेले. तो पंखा, ती खिडकी, ते दार. मग त्यांनी प्रत्येकाचं जर्मन सांगितलं. दार मराठीत नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, दी ट्यूर. खिडकी आपल्याकडे स्त्रीलिंगी, तिकडे नपुंसकलिंगी, दास फेन्स्टर. सूर्य तिकडे स्त्रीलिंगी, दी झोने. चंद्र मात्र आपल्यासारखाच पुल्लिंगी, देअर मोंड. म्हणजे लिंगं जुळत नाहीत, जुळवायचा नादही करायचा नाही. पण प्रत्येक नामाला लिंग असतं, ते का असतं ते विचारायचं नसतं, शब्दाबरोबरच ते तोंडात बसवायचं असतं, हे मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. 'ती दार' असं आपल्या कानाला खटकतं ना? तसं 'देअर ट्यूर' खटकलं पाहिजे, एवढंच काम.

मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, दास मेडशेन. बाईंच्या वर्गात सगळे हसले. आमच्याबरोबर सावंतवाडीकडची एक मुलगी होती, तिला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "आमच्या मालवणीत चेडू म्हणजे मुलगीच, आणि आम्ही ते चेडू म्हणतो." बाईंनी नियम सांगितला की शब्दाच्या शेवटी लहानपण दाखवणारं 'शेन' आलं की तो कायम दास.

बाईंचा पहिला दंडक असा होता की देअर, दी, दास लावल्याशिवाय एकही नाम वहीत लिहायचं नाही. लिहिलं तर त्या खोडायच्या. मला जुने सगळे शब्द पुन्हा लिहावे लागले. तिथे मी एक गोष्ट केली ती सांगते, कारण तिचा मला खरोखर उपयोग झाला. आमच्याकडे मायक्रोपोअरची चिकटपट्टी असते, सलाईनची सुई जागेवर राहावी म्हणून लावतो ती पांढरी कागदी. तिचं एक रिळ मी मेडिकलमधून आणलं. निळ्या पेनाने देअर, लालने दी, हिरव्याने दास. फ्रिजवर निळ्यात देअर क्यूलश्रांक, कपावर लालमध्ये दी टासे. चमचा, काटा आणि सुरी यांचं तर एकेकाचं लिंग वेगळं: देअर ल्योफेल, दी गाबेल, दास मेसर. चमच्यावरची पट्टी धुण्यात निघून जायची, म्हणून ती ट्रेच्या खणात आतून लावली. मायक्रोपोअरचा फायदा असा की भांड्याला डाग पडत नाही आणि पेनाची शाई फुटत नाही. मुलं शाळेतून आली की फ्रिज उघडताना मोठ्याने वाचायची. धाकट्याला माझ्याआधी पाठ झालं. सासूबाईंनी आठवडाभर काही म्हटलं नाही, मग एकदा विचारलं, "देवघरावर नाही लावलंस?" मी नको म्हटलं. त्यांनीच शब्द विचारून घेतला.

देवघरावरून आठवलं. जर्मन शब्द लांबच लांब असतात म्हणून लोक घाबरतात. ते आपले समासच आहेत. देवघर हा शब्द घरामुळे नपुंसकलिंगी होतो, देवामुळे पुल्लिंगी होत नाही. जर्मनमध्येही शेवटच्या शब्दाचं लिंग चालतं. क्रांक म्हणजे आजारी, हाउस म्हणजे घर, ते दास, म्हणून हॉस्पिटल दास क्रांकेनहाउस. वागेन म्हणजे गाडी, ती देअर, म्हणून ॲम्ब्युलन्स देअर क्रांकेनवागेन. हे कळलं की लांब शब्द मागून वाचायला लागतो आणि भीती जाते.

नर्स मैत्रिणींसाठी आणखी एक. आपल्या कामाचे बरेच शब्द 'उंग' या शेपटाचे आहेत आणि ते सगळे दी. रक्तस्राव दी ब्लूटुंग, तपासणी दी उंटरझूखुंग, लसीकरण दी इम्फुंग, दाह दी एन्टझ्युंडुंग. 'हाइट', 'काइट' आणि 'त्सिओन' हीही शेपटं दी. आजार दी क्रांकहाइट, आरोग्य दी गेझुंडहाइट, शस्त्रक्रिया दी ओपेरात्सिओन. एवढ्या एका नियमात वॉर्डातले कितीतरी शब्द आपोआप सुटतात. अवयवांचं तसं नाही, ते पाठच करावे लागतात. हृदय दास हेर्त्स, यकृत दी लेबर, जठर देअर मागेन.

मग विभक्ती. आधीच्या वर्गात तो तक्ता पहिल्याच आठवड्यात फळ्यावर आला होता, सोळा चौकोनांचा, आणि तो पाठ करा म्हणून सांगितलं होतं. बाईंनी तक्ता काढलाच नाही. त्या म्हणाल्या, आधी एवढंच लक्षात ठेव की कर्माच्या जागी आल्यावर फक्त पुल्लिंगी बदलतं, देअरचं देन होतं. दी आणि दास तसेच राहतात. ते तोंडात बसल्यावर पुढची पायरी, आपल्या 'ला'ची. पेशंटला गोळी देते: इश गेबे देम पात्सिएन्टेन दी टाब्लेटे. 'पेशंट'चं 'पेशंटला' होताना मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतो, जर्मनमध्ये मुख्यतः पुढचा देअर बदलून देम होतो. दुखणं तेच, जागा वेगळी.

खरा आनंद मला झाला तो 'मला'वर. मराठीत आपण म्हणतो, मला थंडी वाजते, मला मळमळतंय, मला चक्कर येते. जर्मनमध्येही तसंच आहे. मिअर इस्ट काल्ट, मिअर इस्ट श्लेश्ट, मिअर इस्ट श्विंडलिश. मिअर म्हणजे मला. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी 'मी थंड आहे' असं वाक्य करतात आणि ते चुकतं. आमच्या तोंडून पहिल्या झटक्यात बरोबर आलं. पेशंट दिवसभर जे सांगतो तेच हे आहे. हे आम्हाला पहिल्या वर्गात कुणी दाखवलं असतं तर किती बरं झालं असतं!

मराठी सगळीकडे चालते असं मात्र नाही, आणि ते बाईंनी लपवलं नाही. भूक लागली म्हणताना जर्मन माणूस 'माझ्याकडे भूक आहे' अशा घाटाचं वाक्य करतो, इश हाबे हुंगर. आपल्या 'टेबलावर'ने दोन्ही कामं होतात, टेबलावर ठेवलं आणि टेबलावर आहे. तिथे दोन रूपं लागतात. गोळी ठेवते तेव्हा आउफ देन टिश, गोळी तिथे पडलेली असते तेव्हा आउफ देम टिश. हे मला महिनोन् महिने येत नव्हतं. शेवटी मी घरी जेवणाचं ताट हातात घेऊन करायला लागले. ताट खाली जात असताना देन, ताटावरून हात काढला की देम. कागदावर जे समजत नव्हतं ते हाताने समजलं.

आणि क्रियापदाची जागा. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी बसतं, मग सुरुवात कशानेही करा. आज मी कामाला जाते याचं 'आज जाते मी कामाला' होतं. इथे मराठीची सवय मोडावी लागते. पण 'कारण' म्हणून जोडवाक्य आलं की क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्यासारखं. वाइल इश क्रांक बिन, कारण मी आजारी आहे. बाकीच्यांना जिथे घाम फुटतो तिथे आम्हाला मोकळं वाटायचं.

आकड्यांचंही तसंच. जर्मनमध्ये चोवीस म्हणताना चार आधी आणि वीस नंतर येतं. आपल्याकडेही चोवीसमध्ये चो आधी आहे. मात्र एकोणतीस, एकोणचाळीस असले आकडे तिकडे नाहीत, नवावीस असं सरळ येतं. पाव तास आपल्यासारखाच मोजतात, सव्वातीन आणि पावणेतीन दोन्ही आहेत. फसवतं ते अर्ध्याच्या वेळी. हाल्ब द्राय ऐकलं की 'अर्धा' आणि 'तीन' एवढं कानात शिरतं आणि आपण साडेतीन लिहून मोकळे होतो. ते अडीच आहे. तीनकडे जाताना अर्धा झालेला तास. नर्सच्या हातून औषधाची वेळ तासाभराने चुकणं म्हणजे काय, ते आम्हाला सांगायला नको. मी आठवडाभर घरातल्या घड्याळाकडे बघून प्रत्येक अर्ध्या तासाला मोठ्याने बोलत होते.

ऐकण्यासाठी बाईंनी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा व्हिडिओ कोर्स सांगितला. तो फुकट आहे. निको नावाचा मुलगा स्पेनहून जर्मनीत येतो, त्याची बॅग हरवते आणि तिथून गोष्ट पुढे जाते. छोटे छोटे भाग आहेत. सांगलीला जाता-येता एसटीत मी एकच भाग परत परत ऐकायचे. पहिल्यांदा काही कळत नाही. तसंच पुढे जायचं. एकाच दिवशी पाच भाग बघण्यापेक्षा एक भाग पाच वेळा ऐकलेला बरा, हे मी अनुभवाने सांगते.

उच्चारांसाठी देवनागरी वापरायला बाईंची हरकत नव्हती. जर्मन जशी लिहितात तशी वाचतात, त्यामुळे आपल्याला जड जात नाही. इंग्रजी वाचनाची सवय तेवढी आड येते. जर्मन 'व्ही' बहुतेकदा फ होतो आणि 'डब्ल्यू' होतो व. दोन टिंबांचा 'यू' काढायला ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून आतून 'ई' म्हणायचं. आरशासमोर करून बघा.

ए वनची गोएथेची परीक्षा मी पुण्याला दिली. भारतात गोएथे इन्स्टिट्यूटला मॅक्स म्युलर भवन म्हणतात, संस्कृतचे अभ्यासक माक्स म्युलर यांच्या नावावरून. परीक्षेची नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा भराभर भरतात, तेव्हा ड्युटीचा रोस्टर लागायच्या आधीच तारीख पकडा. ऐकणं, वाचन, लेखन आणि बोलणं असे चार भाग. शंभरपैकी साठ गुण लागतात. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण तीस शब्दांचा छोटा निरोप लिहायचा. ए वनची गोएथेची अधिकृत शब्दयादी साधारण 650 शब्दांची आहे. ती बाजूला ठेवून हजार शब्दांची झेरॉक्स पाठ करत बसू नका.

बोलण्याच्या परीक्षेत आधी स्वतःची ओळख असते. मग परीक्षक एखादं नाव स्पेल करायला आणि एखादा नंबर सांगायला लावतात. इथे बरेच जण अडतात, कारण अक्षरांची नावं इंग्रजीपेक्षा वेगळी. इंग्रजी 'ए' हे अक्षर तिकडे आ, 'ई' हे अक्षर ए आणि 'आय' हे अक्षर ई. 'जे'ला योट म्हणतात, 'व्ही'ला फाऊ. जाधव हे आडनाव योट, आ, डे, हा, आ, फाऊ असं सांगावं लागतं. माझे हात गार पडले होते. पण योट तोंडातून आला आणि पुढचं आलं.

मी पास झाले. त्यानंतर ए टू केलं आणि सध्या बी वनचा अभ्यास चालू आहे. ड्युटी सांभाळून याला वेळ लागतोय. घरच्यांना मी तसंच सांगितलंय आणि त्यांनी ते मान्य केलंय. जर्मनीला जाणं होईल तेव्हा होईल. तिकडे 2020 पासून नर्सच्या पदाचं नावही बदललंय, फ्लेगेफाखफ्राउ. ते मी न अडखळता म्हणते.

आता जे क्लास लावणार आहेत त्यांच्यासाठी. फी भरण्याआधी एक तास वर्गात बसू द्या म्हणून सांगा. शब्द देताना देअर, दी, दास देतात का, तास संपेपर्यंत एकदा तरी जर्मन ऐकवतात का, एवढं बघा. शिकवणाऱ्याने स्वतः कोणती लेव्हल पास केली आहे ते विचारा, विचारण्यात काही वाईट नाही. सगळ्या लेव्हलची फी एकदम भरू नका. एक लेव्हल, एक परीक्षा, मग पुढची फी. आणि आपल्याकडे जे जर्मन शिकवतात त्यांना माझी विनंती आहे की सांगली, सोलापूर, लातूरच्या वर्गात व्याकरण मराठीतून समजवा. समोर बसलेल्यांना तीन लिंगं आणि विभक्ती आधीपासून येतात.